लस आणि आपण : लेखांक 6 – सुई सगळ्यात शेवटी

फ्लूचा विषाणू दरवर्षी रूप का पालटतो, ते मागच्या लेखांकात पाहिलं. उद्याच्या डॉक्टरांना हे वर्गात शिकवता येतंच; पण वर्गात कुणी ‘मंग कायले घ्याची लस?’ असं विचारत नाही. तो प्रश्न घरोघरी गेल्यावरच भेटतो.

बुलढाण्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2024 मध्ये सुरू झालं, 100 जागांचं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अभ्यासक्रमानुसार एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून किमान तीन कुटुंबं दत्तक घ्यायची असतात. म्हणजे एका तुकडीमागे 300 घरं. विदर्भाला हे नवं नाही. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाची प्रत्येक तुकडी गाव दत्तक घेऊन तिथे शिबिर करत आली आहे.

फ्लूच्या लसीला अशी ओळखीची घरं लागतातच. ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही, बाळाच्या कार्डावर तिचा रकाना नाही. महाराष्ट्राने 2015 पासून गरोदर स्त्रिया आणि मधुमेह, रक्तदाबाच्या रुग्णांना ती मोफत द्यायला सुरुवात केली. पण कोणाला शुगर आहे आणि कोणाला कितवा महिना आहे, हे कळणार कसं? आशाताईंना ते तोंडपाठ असतं. विद्यार्थ्याने पहिला धडा त्यांच्याकडूनच घ्यावा.

दुसरा धडा उन्हाचा. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, आणि लसीचा परिणाम व्हायला दोनेक आठवडे लागतात. म्हणून लस पावसाच्या तोंडावर टोचायची. नेमकी तेव्हाच घाटाखाली, मलकापूर-नांदुऱ्याकडे, सूर्य आग ओकत असतो. बुलढाणा शहर घाटावर असल्याने तिथे बसून याचा अंदाज येत नाही. लस 2 ते 8 अंशांतच राहायला हवी. नवख्याला वाटतं, एवढ्या उन्हात आइस पॅक जितका कडक तितका बरा. चूक! फ्रीजरमधून काढलेला दगडासारखा पॅक तसाच कॅरियरमध्ये ठेवला तर लस गोठते, आणि गोठलेली लस फेकूनच द्यावी लागते. पॅक बाहेर ठेवायचा, थोड्या वेळाने कानाशी धरून हलवायचा. आत पाणी खळखळलं की मगच भरायचा. पुस्तकातली ही ओळ डोळ्यांखालून निघून जाते. कानाने ऐकलेली खळखळ मात्र विसरत नाही.

मग ओसरीवरच्या बाईंचा सवाल : ‘सुई टोचली का तापच येते म्हणे?’ टोचायच्या फ्लूच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्याने फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखाद दिवस कणकण येते. हे सांगून, टोचल्यावर अर्धा तास त्या बाईंजवळ थांबायचं. क्वचित कुणाला तीव्र ॲलर्जी झाली तर अ‍ॅड्रेनलिन हाताशी हवं. टोचणं मात्र चार सेकंदांचं, आणि तेही वरिष्ठांच्या देखरेखीखाली. विद्यार्थ्याने स्वतः लस घेतली आहे का, हेही विचारलं जाणार. घेतली नसेल तर त्याने त्या दारात जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अवघड भाग पुढच्या वर्षी. ही लस दरवर्षी घ्यावी लागते, त्यामुळे त्याच घरी पुन्हा जायचं. दरम्यान आजोबांना फ्लू झालेला असू शकतो, कारण लस विषाणूशी चांगली जुळली तरी संरक्षण साधारण 40 ते 60 टक्के. ‘घेऊनही झालाच की!’ यावर उत्तर इतकंच, की दुखणं दवाखान्यात भरती होण्यापर्यंत जाण्याची शक्यता लसीमुळे कमी होते. हे आजोबांना पटेल अशा शब्दांत सांगायचं, तेही सुनेसमोर.

(पुढील लेखांक : दरवर्षीची लस कोणत्या विषाणूंवर, हे ठरतं कुठे?)