‘घरच्यांसोबत बघू नका’: बीपी, टकाटक आणि आपली लाज

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी मुक्ताईनगरातून हा या भागाचा लेखी मजकूर.

आजचा विषय थोडा चिमटा काढणारा आहे. ज्या गोष्टीवर घरात बोलायचंच नाही असं न सांगता ठरलेलं असतं, तिच्यावरच विनोदी सिनेमा निघाला की बघणारे काय म्हणतात? साधारण तीन मतं ऐकू येतात. पहिलं, ‘घाण आहे, पोरं बिघडतात.’ दुसरं, ‘हसवता हसवता मोठी गोष्ट सांगितली.’ आणि तिसरं, जे सगळ्यात जास्त वेळा येतं: ‘चांगलाय भो, पण घरच्यांसोबत बघू नका.’

हे तिसरं मत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कारण ते सिनेमाबद्दल कमी आणि आपल्या घराबद्दल जास्त सांगतं.

शेण खाल्लं म्हणजे काय केलं?

४ जानेवारी २०१३ ला ‘बालक-पालक’ आला. दिग्दर्शक रवी जाधव, निर्मात्यांमध्ये रितेश देशमुख. नावाची आद्याक्षरं घेतली की होतं बीपी, आणि बीपी म्हणजे अजून काय, ते तुम्हाला सांगायला नको. गोष्ट मुंबईतल्या चाळीतली, व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यातली. पण चाळ म्हणजे तरी काय? एकावर एक रचलेलं गावच. कोण कुठे गेलं, कोणासोबत गेलं, सगळ्यांना माहीत. प्रवर्तन चौकात उभं राहिलं की आपल्याकडेही तेच.

त्या चाळीतल्या एका ताईबद्दल मोठी माणसं कुजबुजतात, ‘तिने शेण खाल्लं.’ पोरांना प्रश्न पडतो, शेण खाल्लं म्हणजे नेमकं काय केलं? विचारायची सोय नाही. मग सगळं कळतं असं दाखवणारा विशू त्यांचा मास्तर होतो. आधी पुस्तकं, मग कॅसेट. पोरांच्या डोक्यात जे घुसतं ते तिथूनच. शेवटी चाळीतले कदमकाका, म्हणजे किशोर कदम, त्यांच्याशी सरळ बोलतात.

आता बघा, इथे आपण कोणावर हसतो? पोरांच्या गोंधळावर हसतो, पण त्या गोंधळाला कारण मोठ्यांचं गप्प बसणं आहे, हे कळत जातं. म्हणून काही पालकांना हा सिनेमा आवडला आणि काहींना टोचला. दोन्ही मतं एकाच जागेवरून आलेली आहेत.

तोच हिरो, वेगळं हसू

विशू झालेला प्रथमेश परब २०१९ च्या ‘टकाटक’मध्ये हिरो आहे. हा सिनेमा सरळ मोठ्यांसाठीचा. मित्रांच्या टोळक्यात खूप चालला, दुसरा भागही निघाला. ‘त्यात काय एवढं, मजा आहे’ हे एक मत. ‘बाईला फक्त मिळवायची वस्तू केलंय’ हे दुसरं. मुलींकडून दुसरं मत जास्त का येतं, हे समजायला अवघड नाही. ज्याच्यावर हसलं जातं, त्याला विनोद आधी कळतो.

द्वयर्थी विनोद आपल्याला नवा नाही. १९७१ च्या ‘सोंगाड्या’पासून दादा कोंडक्यांनी थिएटरं भरवली. त्यांची युक्ती साधी होती: वाक्य निर्मळ, अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यात. सेन्सॉरने पकडायचं तरी काय? पण त्यातली एक गंमत लक्षात घ्या. जिथे सरळ शब्द चालत नाही, तिथेच द्वयर्थी शब्द चालतो. म्हणजे लाज जितकी जास्त, तितका असा विनोद जोरात. तो लाजेवर हसवतो, पण लाज तशीच ठेवतो.

ज्यांच्यासाठी, त्यांनाच बंदी

२०२३ चा ‘ओएमजी २’ घ्या. आपल्यासारखंच देवस्थानाचं गाव. शाळेतल्या एका मुलाचा व्हिडिओ व्हायरल होतो, शाळा त्याला काढून टाकते. बाप, म्हणजे पंकज त्रिपाठी, कोर्टात जातो. शाळेवर, औषधं विकणाऱ्यांवर आणि चक्क स्वतःवरही दावा लावतो. म्हणणं एकच: पोराला कोणी नीट सांगितलंच नाही. या सिनेमाला ‘ए’ प्रमाणपत्र मिळालं. म्हणजे शाळेतल्या पोरांबद्दलचा सिनेमा शाळेतल्या पोरांना थिएटरात बघता आला नाही. पुढे तो ओटीटीवर आला आणि मोबाइलवर पोचला. पुन्हा तेच, एकट्याने, हेडफोन लावून.

मग अडलं कुठे?

‘सिनेमा कशाला, शाळा आहे ना’ असंही मत असतं. तर ऐका. २००७ मध्ये किशोरवयीन शिक्षणाच्या अभ्यासक्रमाला विरोध झाला, आणि तो थांबवणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता, पलीकडचा मध्य प्रदेशही होता.

त्याआधीचं उदाहरण र. धों. कर्व्यांचं. १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. वाचक प्रश्न पाठवायचे, ते उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरले. पण बघा, प्रश्न विचारणारे लोक तेव्हाही होतेच की.

आणि न सांगण्याची किंमत आज जास्त आहे. पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झाला, बीपी यायच्या दोन महिनेही आधी नाही. या कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलीची किंवा मुलाची ‘संमती’ धरली जात नाही. दोघं एकमेकांच्या मर्जीने पळून गेले तरी पोरावर गंभीर गुन्हा लागू शकतो. हे सतरा वर्षांच्या किती पोरापोरींना माहीत असतं? कुठला व्हिडिओ हे सांगतो?

सरकारी दवाखान्यांत १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी ‘मैत्री’ क्लिनिकची सोय केलेली आहे. पाळी, शरीरातले बदल, मनातली भीती, काहीही विचारता येतं. पण तिथे जाताना ओळखीचं कोणी बघेल, या भीतीने पाय मागे येतो. मेडिकलमधून पॅड कागदात गुंडाळून आणतो ना, तसंच.

म्हणून असा सिनेमा चांगला की वाईट हे ठरवायला माझी एकच कसोटी आहे. हसून झाल्यावर त्यातला एखादा प्रश्न कोणाला तरी विचारता आला का? मोठी बहीण, मामा, मित्र, डॉक्टर, कोणीही चालेल. विचारता आला, तर तिकिटाचे पैसे वसूल. नाही आला, तर नुसतं हसलो आणि शेण खाल्लं म्हणजे काय ते पुन्हा विशूलाच विचारलं.

तुम्ही यातला कुठला सिनेमा कोणासोबत बघितला, आणि नंतर घरी काय बोलणं झालं? व्हॉइस नोट पाठवा. नाव नाही सांगितलं तरी चालेल. भेटू पुढच्या भागात!