डेबियनची 'स्थिर' शाखा

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या 'स्थिर' शाखेस पुष्कळ जण निर्दोष समजतात. हा समज बरोबर नव्हे. स्थिर म्हणजे न बदलणारी. तिची नवी आवृत्ती सुमारे दोन वर्षांनी निघते. दरम्यान सुरक्षेच्या दुरुस्त्या जुन्याच आज्ञावलींत बसविल्या जातात. महिनोन्महिने चालणाऱ्या गणनेस हेच मानवते. नव्या आज्ञावली प्रथम 'अस्थिर' शाखेत येतात व काही दिवस तेथे टिकल्यास 'चाचणी' शाखेत जातात. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या आज्ञावलीत हेतुपुरस्सर ठेवलेला चोरदरवाजा उघडकीस आला, तेव्हा तो या दोन्ही शाखांत शिरला होता; स्थिर शाखा मात्र वाचली. अर्थात, अगदी नवे यंत्र जुन्या कर्नलला पुष्कळदा ओळखता येत नाही. अशा वेळी, आमच्या मते, सबंध शाखा न बदलता 'बॅकपोर्ट्स' भांडारातून केवळ नवे कर्नल घ्यावे.