निजलेल्या फोनची खतावणी

काशीस दुर्गाघाटालगतच्या, पेशवाईपासून महाराष्ट्रीय घराण्यांची वस्ती असलेल्या गल्लीत गेल्या कार्तिकात आठवडाभर मुक्काम असता, रात्री कोनाड्यात उपडा ठेवलेला फोन पहाटे स्नानास निघण्यापूर्वी हाती घ्यावा, तो दिवसाच्या दीड जीबीपैकी निम्म्याहून अधिक डेटा संपल्याची वर्दी त्यावर उमटलेली असे; आणि हे लागोपाठ तीन दिवस घडले. मध्यरात्री मिळालेला शिधा धन्याने डोळे उघडण्यापूर्वीच फस्त व्हावा, हा अपहार म्हणावा की आपलाच गलथानपणा, याचा छडा लावणे प्राप्त झाले.

सुदैवाने फोन हा चोख कारकून आहे. तो नुसती रोजकीर्द लिहून थांबत नाही, प्रत्येक ॲपची स्वतंत्र खतावणीही ठेवतो. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या सदराखाली ‘डेटा वापर’ उघडला (फोनागणिक ही नावे थोडी बदलतात) की अधिक खर्चिक ॲप वर, या क्रमाने सारा जमाखर्च दिसतो, आणि नावावर बोट ठेवताच खर्च आपल्या डोळ्यांदेखत झाला की पाठीमागे, याचीही फोड मिळते. माझ्याकडील आरोपी निघाले ते छायाचित्रांची प्रत दूरच्या संगणकावर जतन करणारे ॲप: दशाश्वमेधावरील आरतीची मी हौसेने टिपलेली चलचित्रे ते रात्रभर इमानेइतबारे रवाना करीत होते. पुण्यास घरच्या वाय-फायमुळे हा खर्च कधी जाणवला नव्हता. येथे वाड्याच्या हातभर जाड दगडी भिंतींपुढे वाय-फायने हात टेकले होते, आणि मोबाइल डेटा वापरण्याचा परवाना केव्हातरी मीच देऊन बसलो होतो.

तो रद्द केला. व्हॉट्सॲपला चित्रे आपोआप उतरवून घेण्याची असलेली मुभा काढली, प्ले स्टोअरला नव्या आवृत्त्या वाय-फायवरच घेण्याची ताकीद दिली. एखाद्या ॲपचा पाठीमागचा व्यवहार मुळीच नको असेल, तर त्याच्याच खतावणीत ‘पार्श्वभूमी डेटा’ बंद करता येतो. सरसकट मनाईसाठी २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून डेटा सेव्हर आहे, त्यातून मोजक्यांना सूट देता येते, मात्र बाकीच्यांचे निरोप उशिरा पोहोचतात. आयफोनची खतावणी महिना सरला तरी आपण होऊन शून्यावर येत नाही. ती हाताने कोरी करावी लागते, हे न जाणणारे वर्षांची बेरीज पाहून उगाच घाबरतात.

धन्याच्या हुकुमाबाहेरचाही काही खर्च असतो. व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे प्राध्यापक डग्लस श्मिट यांच्या २०१८ मधील प्रयोगात, क्रोम पाठीमागे चालू असलेल्या, जागचा न हललेल्या अँड्रॉइड फोनने चोवीस तासांत ३४० वेळा स्थानविषयक माहिती गूगलकडे धाडली होती. आणि जुलै २०२५ मध्ये सॅन होजे येथील ज्यूरीने, निष्क्रिय फोनांचा मोबाइल डेटा परवानगीवाचून वापरल्याबद्दल गूगलने ३१ कोटी ४६ लाख डॉलर द्यावेत असा निवाडा केला, ज्याविरुद्ध अपिलात जाण्याचे कंपनीने जाहीर केले.

चौथ्या पहाटे दीड जीबी जवळजवळ शाबूत होता. आरतीची चलचित्रे मात्र फोनातच तुंबून राहिली, आणि परतीच्या गाडीत बसतो न बसतो तोच जागा भरल्याची नवी वर्दी आली.