सुप्याचा बाजार आणि सरकारचे कान

मंडळी, गुप्त पोलीस म्हटलं की आपल्याला गेस्टापो आठवतो, नाहीतर पूर्व जर्मनीतली श्टाझी. आम्ही आज सुरुवात करणार आहोत ती सुप्यापासून.

१८६७ साली इंदापूर तालुक्याचा शेतसारा नव्या पाहणीत वाढला, पाठोपाठ भीमथडीचाही. अमेरिकेतलं युद्ध संपून कापसाचा भाव पडलेला. कुणबी सावकाराच्या दारात. पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविषयी अर्ज केले, अहवाल छापला. सगळं उघड, सही-शिक्क्यानिशी!

१२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोक जमले. सुपे तेव्हा भीमथडीत होतं, आज बारामती तालुक्यात आहे. सावकारांची दुकानं फुटली, वह्या आणि कर्जरोखे जळाले. अंगावर हात टाकल्याचे प्रकार थोडेच. लोण इंदापूर, शिरूर, नगरपर्यंत गेलं. ९५१ जण पकडले, ५०१ जणांना शिक्षा झाली. मग आयोग नेमला, १८७९ मध्ये कायदाही केला, हे मान्य करायला हवं.

पण त्याच १८७९ मध्ये वासुदेव बळवंतांचं बंड झालं आणि संशय कोणावर? सार्वजनिक सभेचे आधारस्तंभ महादेव गोविंद रानडे यांच्यावर. सरकारचेच न्यायाधीश! त्यांची धुळ्याला बदली झाली, टपाल फोडून वाचलं जाऊ लागलं. सारावाढीचा हिशोब जो तोंडावर मांडत होता, त्याचीच पत्रं चोरून वाचायची.

असं का होतं बघा. जिथे निवडणूक नाही, तिथे खालचा अधिकारी वरच्याला रुचेल तेच कळवतो. मग राज्यकर्त्याला वेगळे कान लागतात. पण त्या कानांची नोकरी काहीतरी ऐकू येण्यावरच असते. ‘सगळं शांत आहे’ असं दर आठवड्याला लिहिणाऱ्याला कोण ठेवील? आणि लपलेला माणूस सापडायला अवघड, उघड बोलणारा सोपा. म्हणून पहिली नोंद त्याचीच होते.

१८८७ मध्ये याची रीतसर केंद्रीय शाखा निघाली. पुढे गणपतीच्या मेळ्यांतली पदंसुद्धा पोलिसांच्या अहवालांत उतरवली गेली. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने त्यातले बरेच कागद छापले. टिळकांच्या सभांचा अभ्यास करायचा तर आजही आम्ही तेच खंड उघडतो.