बाटलीआधी बादली बघा

धरणांची पातळी पेपरात रोज छापून यायला लागली की सोसायट्यांमध्ये गाडी धुण्यावरून भांडणं सुरू होतात. मार्च 2024मध्ये बंगळुरूने पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यांना 5,000 रुपये दंड लावला. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई महापालिकेची 10 टक्के कपात भिवंडीच्याही वाट्याला आली. अशा दिवसांत रिन्सलेस वॉशच्या बाटलीचा मोह पडणारच. झाकणभर द्रव, अर्धी बादली पाणी, वरून पाइप मारायचं कामच नाही.

पण भिवंडीतल्या आपल्या नारपोलीत बादलीत पडतं काय? नळाला पाणी नसेल तेव्हा बोअरचं, नाहीतर टँकरचं. आपला खडक काळा पाषाण. त्यातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम उतरतं आणि पाणी जड होतं. पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावा, असं भारतीय मानक सांगतं. जड पाणी म्हणजे काय हे इथल्या सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ देणाऱ्या कारखान्यात, बॉयलर सांभाळणाऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही. नळ्यांना चढलेला खार खरवडणं काय असतं, ते त्यालाच ठाऊक. तोच खार उन्हात तापलेल्या बॉनेटवर पांढरी वर्तुळं होऊन बसतो.

आता बाटलीकडे. जाहिरातीत बॉनेटवर पाण्याचे टपोरे मोती नाचताना दिसतात आणि गिऱ्हाईक तिथेच फसतं. जड पाण्याचा प्रत्येक मोती जागच्या जागी सुकतो आणि आपल्यापुरतं क्षाराचं कडं सोडून जातो. म्हणून मेणाची चमक मिरवणारी बाटली नको. पॉलिमरवर चालणारं, धुळीच्या कणांना वेढून कापड सरकतं ठेवणारं कॉन्सन्ट्रेट घ्या. ‘ऑप्टिमम नो रिन्स’ हे या जातीचं जुनं नाव, साधारण 30 मिलिलिटर साडेसात लिटरमध्ये. लेबलवर क्षार बांधून ठेवणाऱ्या घटकाचा, म्हणजे चिलेटिंग एजंटचा उल्लेख असला तर उत्तम. फेसाचे डोंगर उठवणारा शाम्पू इथे कामाचा नाही, तो धुवावाच लागतो.

तरीही माझं मत विचाराल तर अर्धी लढाई बाटलीबाहेरच आहे. घरच्या आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरून पुण्य कमावल्यासारखं वाटतं ना? ते पाणी मूळ पाण्याहूनही क्षारयुक्त असतं. फिल्टरने अडवलेलं सगळं त्यातच येतं. ते फरशीला वापरा. उलट एसीच्या नळीतून टपकणारं पाणी म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन झालेलं, जवळपास क्षारमुक्त पाणी. आपल्या दमट हवेत त्याची बादली भरायला वेळ लागत नाही. कापडातून गाळा, त्यात द्रव मिसळा. महागड्या बाटलीने होणार नाही ते या फुकटच्या पाण्याने होतं. सोसायटीत सॉफ्टनर असेल तर तेही पाणी चालेल. त्यातले क्षार संपत नाहीत, पण कॅल्शियमच्या जागी सोडियम आल्यामुळे डाग सहज पुसले जातात.

अंजूरफाट्याच्या बाजूला ट्रकांची वर्दळ, मेट्रो-5च्या कामाची धूळ, वर यंत्रमागांचा उडता कापूस. सिमेंटची कच असलेल्या गाडीवर थेट कापड फिरवलंत तर ओरखडे तुमचेच. आधी तेच मिश्रण फवारून धूळ भिजू द्या. मग एका वेळी एकच पत्रा, सावलीत, मायक्रोफायबरच्या स्वच्छ घडीने पुसा आणि लगेच कोरडा करा. मळलेली घडी परत बादलीत नको, तिच्या जागी नवी घ्या. पावसाळ्यातल्या चिखलाच्या थराला मात्र रिन्सलेस नाहीच. तिथे आधी पाण्याचा जोर हवा.

क्षाराचा डाग नुकताच पडला असेल तर पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने जातो. रंगात रुतलेल्याला पॉलिशच लागतं आणि त्याचं बिल या बाटलीपेक्षा मोठं येतं. तेव्हा खरेदीला निघण्याआधी बोअरचं थोडं पाणी आरशावर शिंपडून उन्हात सुकू द्या. पांढरे ठिपके उठले तर पहिले पैसे बाटलीवर घालू नका, एसीच्या नळीखाली ठेवायला एक बादली आणा.