टाकीतला मासा आला कोठून?

खाऱ्या पाण्याच्या शोभेच्या टाकीत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा तुम्ही पाहिला असेल. त्याच्या शेजारी पिवळ्या शेपटीचा निळा सर्जनमासाही पुष्कळदा असतो. दोघेही मूळचे प्रवाळखडकांवरचे. पण विदूषक मासा हौदात जन्मलेला असू शकतो, तर सर्जनमासा बहुधा समुद्रातूनच पकडून आणलेला असतो. असे का बरे?

याचे उत्तर त्यांच्या बालपणात आहे. विदूषक माशाची मादी समुद्रफुलाजवळ खडकावर अंडी चिकटवते. नर त्यांची राखण करतो, परांनी पाणी हलवून त्यांना ताजे पाणी पुरवतो. सुमारे आठवड्याने पिल्ले बाहेर येतात. त्यांचे तोंड रोटिफर नावाचे सूक्ष्म प्राणी गिळण्याइतके मोठे असते आणि रोटिफर हौदात सहज वाढवता येतात. त्यामुळे १९७० च्या दशकापासून या माशाची पैदास होऊ लागली. आपल्याकडे केरळातील विळिंजम येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीही ती साधली.

सर्जनमाशाची तऱ्हा निराळी. नर व मादी मोकळ्या पाण्यात अंडी आणि शुक्रपेशी सोडून निघून जातात. मिलिमीटरहूनही लहान अशी ती अंडी प्रवाहाबरोबर वाहत राहतात. पिल्लाचे तोंड इतके चिमुकले, की रोटिफरही त्यात मावत नाही. त्याला कोपेपॉड या प्राण्यांची नुकती जन्मलेली पिल्लेच लागतात. शिवाय त्याचे तरंगते बालपण कित्येक आठवडे चालते. त्यामुळे निळा सर्जनमासा टाकीत वाढवण्यात प्रथम यश आले ते २०१६ साली, अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात!

मग समुद्रातून मासे पकडणे वाईटच का? ते पकडण्याच्या रीतीवर अवलंबून आहे. १९६० च्या दशकात फिलिपाईन्समध्ये सोडियम सायनाइडचे पाणी फवारून मासे गुंगवण्याची पद्धत सुरू झाली. त्या विषाने आजूबाजूचे प्रवाळही मरतात आणि माशांचे घरच उजाड होते. याउलट, लहान जाळ्याने मोजकेच मासे पकडणाऱ्या कोळ्याचे पोट त्याच खडकावर अवलंबून असते. म्हणून तो खडक जपण्यात त्याचेही हित असते. सगळेच मासे हौदात तयार झाले, तर त्याची ही कमाई बुडेल.

म्हणून मासा विकत घेताना दुकानदाराला दोन प्रश्न जरूर विचारा : हा हौदात जन्मला की समुद्रात? आणि समुद्रातून आणला असेल, तर कसा पकडला?