पणजीसमोरचा पहारा : रेईश मागूशची एका दिवसाची भटकंती

पणजीत मांडवीच्या काठावर उभे राहून पलीकडे पाहिले की पाण्यालगतचे पांढरेशुभ्र चर्च आणि त्याच्या माथ्यावरचा जांभ्या दगडाचा तट लगेच नजरेत भरतो. रोज हे दृश्य पाहणाऱ्या कितीतरी पणजीकरांनी मात्र त्या तटाच्या आत अजून पाऊल ठेवलेले नसते. खरे तर पणजीहून बेतीची फेरीबोट पकडायची, नदी ओलांडायची आणि वेऱ्यावरून तीनेक किलोमीटर गेले की रेईश मागूश येते. सोमवारी किल्ला बंद असतो, एवढे ध्यानात ठेवावे.

या टेकडीवर आधी आदिलशाहीची चौकी होती. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी तिसवाडी घेतली, तरी नदीपलीकडचे बार्देश त्यांच्या ताब्यात आले ते १५४३ मध्ये. त्यानंतर आठ वर्षांनी, १५५१ साली येथे किल्ला उभा राहिला. जागेची निवड पाहावी. मांडवीचे पात्र येथे आवळते आणि समोर, आजच्या मिरामारच्या बाजूला, पुढे गास्पार दियशचा किल्ला बांधला गेला. जुन्या गोव्याकडे निघालेल्या शत्रूच्या गलबताला या दोन्ही तोफखान्यांच्या मधूनच जावे लागे. गास्पार दियश १८३५ च्या बंडाळीत नष्ट झाला. रेईश मागूश तेवढा उरला. आज दिसणारे त्याचे रूप बहुतांशी १७०७ च्या पुनर्बांधणीचे आहे. उताराच्या भिंती, कोपऱ्यांवरचे गोल टेहळणी बुरूज आणि नदीवर रोखलेल्या तोफा पाहताना ही व्यवस्था सहज उलगडते.

मराठी वाचकाने या किल्ल्यात थोडे रेंगाळावे, याला कारण १७३९ साल. चिमाजी अप्पांनी वसई जिंकली ती याच वर्षी. पेशव्यांच्या फौजा साष्टीत शिरल्या होत्या आणि सावंतवाडीकर भोसल्यांनी बार्देश व्यापले होते. अवघ्या बार्देशात पोर्तुगिजांकडे उरले ते दोनच किल्ले : आग्वाद आणि रेईश मागूश. संख्येने दोनच, परंतु नदीचे मुख त्यांच्याच हाती होते. समुद्रमार्गे कुमक येण्याची वाट त्यामुळे उघडी राहिली. १७४१ मध्ये नवा व्हाइसरॉय ताज्या दमाची फौज घेऊन आला आणि बार्देश पुन्हा पोर्तुगिजांकडे गेले. हे दोन किल्ले पडले असते तर गोव्याचा पुढचा इतिहास कसा वळला असता, हा प्रश्न बुरुजावर उभे राहिल्यावर पुस्तकी वाटत नाही.

पुढे या वास्तूचे तुरुंगात रूपांतर झाले. गोवा मुक्तिलढ्यातील कैदीही येथे डांबले गेले. मुक्तीनंतरही तुरुंग सुरूच राहिला, तो थेट १९९३ पर्यंत. त्यानंतर ओस पडलेल्या आणि पावसाने पोखरलेल्या या किल्ल्याचे जतनकाम वास्तुविशारद जेरार्ड दा कुन्हा यांनी केले, आणि २०१२ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. आता कोठड्यांच्या जागी दालने आहेत. मारियो मिरांडा यांच्या रेखाचित्रांपाशी पर्यटक हसत थबकतात, ते स्वाभाविकच आहे. स्वातंत्र्यसैनिकांच्या दालनातून मात्र बरेचजण पाच मिनिटांत बाहेर पडतात. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हा क्रम उलटा ठेवावा.

किल्ल्याच्या पायथ्याचे चर्च १५५५ चे, तीन राजांच्या नावाचे. गावाला नाव मिळाले ते त्यावरूनच. ६ जानेवारीच्या फेस्ताला राजांच्या वेषातील तीन मुलगे घोड्यांवरून येतात. पायऱ्यांच्या तळाशी कोरलेल्या सिंहाकृती विजयनगर शैलीची आठवण करून देतात. येथे पूर्वी देऊळ असावे, या मताला त्यामुळे आधार मिळतो. आत व्हाइसरॉय लुईश द आताईद याची समाधिशिला आहे. १५७० च्या आदिलशाही वेढ्यात गोवा टिकवून धरणारा तोच.

दुपारनंतर नेरूल, कांदोळीमार्गे आग्वाद गाठता येते. १६१२ चा हा किल्ला डच आरमाराच्या धास्तीतून बांधलेला. वरचा तट आणि १८६४ चा दीपस्तंभ पाहून बहुतेक लोक माघारी फिरतात. खाली पाण्यालगतचा जुना तुरुंग राहून जातो. २०१५ पर्यंत तेथे कैदी होते, आता संग्रहालय आहे. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा आणि डॉ. राममनोहर लोहिया यांच्या कोठड्या तेथे पाहायला मिळतात.

वेळ उरलाच तर परतताना पर्वरीजवळच्या तोर्ड येथील गोमंतकीय घरांचे संग्रहालय पाहावे. जहाजाच्या आकाराची ही इमारतही दा कुन्हा यांचीच. जुन्या गोमंतकीय घरांची दारे-खिडक्या, बाल्कांव आणि शिंपल्यांची तावदाने तेथे निवांत न्याहाळता येतात. एरवी थेट बेती गाठून संध्याकाळची बोट धरावी. पणजीच्या धक्क्याला लागेपर्यंत उजव्या हाताला रेईश मागूशचा तट दिसत राहतो.